‘उत्तीर्ण’ या शेऱ्याआड काय दडते?

लातूर पॅटर्न म्हटले की लोकांना चाचण्यांचा भडिमार आठवतो. पण त्याचे खरे बळ चाचणीनंतरच्या तपासणीत आहे: कोणता प्रश्न चुकला, का चुकला आणि वर्गातल्या किती जणांचा चुकला. वैमानिकांच्या प्रशिक्षणात नेमकी हीच तपासणी तोकडी पडते. २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेतून नांदेड-हैदराबाद विमान सुरू झाले. तेव्हापासून आपल्याकडची चर्चा फेऱ्या, भाडे आणि धावपट्टी यांपुढे फारशी गेलेली नाही. विमान चालवणारा कसा घडतो, हे आपण विचारतच नाही.

प्रवासी विमानाच्या वैमानिकाला दर सहा महिन्यांनी परीक्षा द्यावी लागते आणि ती बहुधा सिम्युलेटरवर होते. उड्डाण घेताना एक इंजिन बंद पडते, तो विमान सावरतो, परीक्षक ‘उत्तीर्ण’ असा शेरा मारतो. पण इंजिन दगा देणार हे वैमानिकाला आधीच ठाऊक असते. सिम्युलेटर मात्र शेऱ्यापलीकडचे बरेच काही टिपत असतो. समजा, जमीन पाचशे फुटांवर असताना वेग जास्त होता, विमान मिनिटाला हजार फुटांहून अधिक वेगाने खाली येत होते आणि तरीही वैमानिकाने पुन्हा वर न जाता ते टेकवलेच. एकदा निभावले म्हणून ही सवय सुटत नाही. शंभर जणांच्या अशा नोंदी शेजारी मांडल्या, तर एकाची चूक कोणती आणि शिकवण्यातली उणीव कोणती, हे कळते. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडला ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर विमान ४,४३८ फूट आत टेकले आणि २१ जीव गेले. सहवैमानिकाने ‘गो अराउंड’, म्हणजे पुन्हा वर जा, असे सांगूनही उतरणे थांबले नाही, असे चौकशी अहवाल म्हणतो. व्यवस्थेतल्या दोषांकडेही तो बोट दाखवतो. अशी चूक पाठ केलेल्या प्रश्नांतून पकडली जात नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने या अपघाताच्या आधीच, २०१३ मध्ये, पुराव्यावर आधारित प्रशिक्षणाची मार्गदर्शिका काढली.

अशा नोंदी वापरण्यावर पहिला आक्षेप वैमानिकांचाच असेल: आज शिकवण्यासाठी घेतलेली नोंद उद्या नोकरीवर उठेल. ही भीती खरी आहे. नावे झाकून विश्लेषण झाले नाही, तर वैमानिक सिम्युलेटरवरही जपून वागेल आणि नोंदच खोटी ठरेल. दुसरा आक्षेप असा की, सिम्युलेटरमध्ये जिवाची भीती नसते, आकड्यांना प्रशिक्षकाची नजर नसते. मान्य, पण आकडे प्रशिक्षकाला हटवत नाहीत, कुठे पाहायचे ते दाखवतात. तिसरा खर्चाचा. मोठे सिम्युलेटर प्रत्येक केंद्राला परवडणार नाहीत, पण असलेल्या साधनांच्या नोंदी जपून त्या वाचणारा माणूस नेमणे आवाक्यातले आहे.

बारामती, गोंदियात वैमानिक घडतात. उद्या लातूर-नांदेडसाठीही अशा केंद्राची मागणी झाली, तर ती जागा आणि निधीपाशी थांबू नये. नोंदी कोण वाचणार, नावे कोण झाकणार आणि त्यातून अभ्यासक्रम दरवर्षी कसा बदलणार, याची लेखी हमी मंजुरीच्या अटींतच हवी.