गाडी कुणाची, भाडं कुणाचं?

मैत्रिणींनो, तुमच्यापाशी कबूल करते. २०२१च्या जुलैत जेफ बेझोस स्वतःच्या कंपनीच्या यानातून अंतराळात जाऊन आले, तेव्हा मी फार नाक मुरडलं होतं. जेमतेम दहा मिनिटांची फेरी! खाली उतरल्यावर त्यांनी ॲमेझॉनच्या कामगारांचे आणि गिऱ्हाइकांचे आभार मानले, कारण या सगळ्याचे पैसे तुम्हीच भरलेत म्हणे. घ्या! ‘यांना पृथ्वीवर परत येऊ देऊ नका’ अशा अर्जावर लाखाहून जास्त लोकांनी सह्या केल्या होत्या. पोळ्या लाटता लाटता मीही मनातल्या मनात सही ठोकून दिली.

एक मात्र मनाला लागलं. त्या यानात ८२ वर्षांच्या वॉली फंक होत्या. अंतराळवीरांसाठी असतात तसल्या चाचण्या त्यांनी १९६१ सालीच दिल्या होत्या. पण त्या काळी ‘नासा’ बायकांना घेत नव्हती. साठ वर्षं थांबल्या हो बाई! सरकारनं न उघडलेलं दार अखेर एका धनिकानं उघडलं.

इलॉन मस्क यांचीही अशीच टिंगल झाली होती. २००२ साली त्यांनी ‘स्पेसएक्स’ काढली. २००६, २००७ आणि २००८, तिन्ही वेळा रॉकेट कक्षेपर्यंत पोचलंच नाही. चौथं पोचलं, सप्टेंबर २००८ मध्ये. आणि डिसेंबरात ‘नासा’नं १६० कोटी डॉलरचं कंत्राट दिलं. म्हणजे सरकारी तिजोरीचा हातभार होताच, हे विसरून चालायचं नाही. पुढे २०१० साली, खासगी कंपन्यांवर भिस्त ठेवणाऱ्या सरकारी धोरणाबद्दल नील आर्मस्ट्राँग आणि युजीन सर्नन यांनी अमेरिकेच्या संसदेपुढे शंका मांडल्या. चंद्रावर पाऊल ठेवून आलेली माणसं ती, उगाच कुचाळक्या करणारी नव्हेत.

आता आमच्या घरातली गोष्ट सांगते. सुनीता विल्यम्स जून २०२४ मध्ये बोइंगच्या यानातून आठेक दिवसांसाठी गेल्या आणि नऊ महिने वरच राहिल्या. त्यांचं यान सप्टेंबरात रिकामंच खाली आणलं. अखेर १९ मार्च २०२५ला, आपल्याकडे पहाटेचे साडेतीन वाजले असताना, त्या समुद्रात उतरल्या. सासूबाई शाल पांघरून टीव्हीपुढे बसलेल्या. हात जोडून म्हणाल्या, “आली गं बाई पोर! कुणाच्या गाडीतून आली?”

“त्या मस्कच्या, आई.”

“फुकट आणलं?”

“छे, भाडं अमेरिकन सरकार देतं.”

“मग उपकार कसले?” असं म्हणून त्या चहाचं आधण ठेवायला उठल्या.

मी मात्र विचारात पडले. या लोकांना जमणार नाही, ही माझी शंका साफ खोटी ठरली होती. पण दुसरी शंका गेली नव्हती, आणि जूनमध्ये ती पुन्हा वर आली. मस्क यांचं अध्यक्ष ट्रम्प यांच्याशी वाजलं, आणि रागाच्या भरात त्यांनी तेच ‘ड्रॅगन’ यान बंद करण्याची भाषा केली. काही तासांत शब्द मागे घेतले, तो भाग वेगळा. पण माणसांची ने-आण करायला अमेरिकेजवळ तेव्हा दुसरं भरवशाचं यान नव्हतं!

आमच्या गल्लीत पिठाची एकच गिरणी आहे. गेल्या वर्षी दळण जाड आलं म्हणून कुणीतरी दोन शब्द बोललं, तर गिरणीवाल्यानं रागानं आठ दिवस गिरणीच बंद ठेवली. आम्ही साऱ्याजणी डबे घेऊन स्टेशनपलीकडे चालत जात होतो. पैसे रोख मोजणारं गिऱ्हाईक, आणि मिनतवाऱ्या आमच्याच!

सासूबाईंना मी हे ‘ड्रॅगन’चं भांडण सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, “मग दुसरी गिरणी बघा म्हणावं.”

“दुसरी बोइंगची ना, आई. तिचा तर पट्टाच तुटलाय.”