पाय जड झाले, म्हणून वयालाच दोष?

‘आता वय झाले, पाय साथ देत नाहीत,’ हे वाक्य आपल्या घरांतून इतक्या सहज उच्चारले जाते की त्यामागचे कारण शोधावे असे कोणालाच वाटत नाही. गुलमंडीवर एकट्या खरेदीला जाणाऱ्या आजी हळूहळू भिंतीचा आधार घेऊ लागतात. घरचे गुडघ्यांना दोष देतात. तेल, शेक, पट्टा असे उपचार सुरू होतात. कमरेचा एमआरआय काढला, तर वयानुसार झालेली मणक्यांची झीज त्यात दिसतेच. निदान झाले असे सर्वांना वाटते. चालणे मात्र बिघडतच जाते.

अशा काही मोजक्या रुग्णांत खरे कारण कमरेच्या वर, पाठीत दडलेले असते. मज्जारज्जूभोवतीच्या आवरणातून उद्भवणाऱ्या गाठीला मेनिन्जिओमा म्हणतात. हे नाव अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९२२ साली रूढ केले. या गाठी बहुतांशी मेंदूच्या आवरणात होतात. कण्यात त्या क्वचितच आढळतात. कण्यातील गाठ प्रामुख्याने चाळिशीनंतर, पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक आणि बहुधा छातीमागच्या मणक्यांत दिसते. ती बहुतेक वेळा कर्करोगाची नसते. मात्र अरुंद पोकळीत वर्षानुवर्षे वाढत ती मज्जारज्जूला दाबत राहते.

घरच्यांनी काय पाहावे? चालताना पायातली चप्पल निसटते आणि ते कळतही नाही. अंघोळीचे पाणी गरम की गार, हे पायांना समजत नाही. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. पाय ताठ होतात, बधिरपणा पावलांकडून वर सरकतो, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते, पाठदुखी रात्री आडवे झाल्यावर वाढते. लघवीवरचा ताबा सुटू लागणे किंवा लघवी अडणे ही तर धोक्याची घंटाच होय. नुसत्या गुडघेदुखीत यांतले काहीही घडत नाही.

मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. म्हणून केवळ कमरेच्या एमआरआयमध्ये छातीमागची गाठ निसटू शकते. डॉक्टरांची छोटी हातोडी येथे मोलाची ठरते. कमरेत नस दबली असेल, तर पायांची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते. वर मज्जारज्जू दबला असेल, तर ती बहुधा वाढते. अशी शंका आल्यास मानेपासून खालपर्यंत संपूर्ण कण्याचा एमआरआय, गरज भासल्यास शिरेतून औषध देऊन, केला जातो. रुग्णाला पेसमेकर किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास ते आधीच सांगावे.

लक्षणे देणाऱ्या गाठीवर मुख्य उपचार शस्त्रक्रिया हाच. पूर्ण भूल देऊन रुग्णाला पालथे झोपवतात, क्ष-किरणांच्या साह्याने नेमका मणका निश्चित करतात व त्याची मागील कमान काढतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली आवरण उघडून, मज्जारज्जूला धक्का न लावता, गाठ आतून पोखरत बाहेर काढतात. शेवटी आवरण शिवून बंद केले जाते. जंतुसंसर्ग, टाक्यांतून पाणी झिरपणे, पायांतील शक्ती आणखी कमी होणे हे धोके आहेतच; ते मोकळेपणाने विचारून घ्यावेत. तरीही वय अधिक आहे एवढ्याच कारणावरून शस्त्रक्रिया नाकारू नये. वृद्ध रुग्णांतही चालणे सुधारते. मात्र दाब जितका जुना, तितकी सुधारणेची आशा कमी.

लंडनमध्ये १८८७ साली डॉ. विल्यम गॉवर्स यांनी केवळ तपासणीवरून मज्जारज्जूवरील गाठीचे निदान केले आणि व्हिक्टर हॉर्सली यांनी शस्त्रक्रिया केली. प्रथम उघडलेल्या जागी काहीच सापडले नाही. आणखी वर गेल्यावर गाठ हाती लागली. पुढे तो रुग्ण चालू लागला. ‘आणखी वर पाहा’ हा त्या शस्त्रक्रियेचा धडा आजही उपयोगी आहे.

काळजीवाहकांसाठी थोडे. निदान होईपर्यंत पाठ रगडून किंवा मणका ‘बसवून’ घेऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची माहिती डॉक्टरांना द्यावी, त्या स्वतःहून बंद करू नयेत. शस्त्रक्रियेनंतर कूस बदलणे, व्यायाम आणि आधार देऊन चालवणे यांत सातत्य हवे. पुढेही ठरलेल्या वेळी एमआरआय करावा, कारण क्वचित गाठ पुन्हा उद्भवते.

खर्चाच्या धास्तीने तपासणी लांबवू नये. आपल्या छत्रपती संभाजीनगरात १९५६ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय, म्हणजे आपली घाटी, येथे पहिली तपासणी करून घेता येते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यापुढील सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेत समाविष्ट करण्यात आले आहे. कोणत्या रुग्णालयात कोणती शस्त्रक्रिया त्यात बसते, याची चौकशी दाखल होण्यापूर्वी करावी.

पुढच्या वेळी आजी ‘पाय जड झाले’ म्हणाल्या, तर एवढेच विचारा : ‘चप्पल निसटलेली कळते ना?’ उत्तर ‘नाही’ असे आले, तर त्याच आठवड्यात मेंदू व मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांना दाखवा.