काही महिन्यांचे घर

तालुक्याच्या गावात चार घरची धुणीभांडी करणारी एक आई क्षयरोगाने सरकारी रुग्णालयात दाखल होते. नवरा केव्हाच सोडून गेलेला, माहेर तुटलेले. अकरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा दोन दिवस शेजारणीकडे जेवतात. तिसऱ्या दिवशी कोणीतरी १०९८ या बालमदत क्रमांकाला फोन लावते आणि मुले बाल कल्याण समितीपुढे उभी राहतात. समितीला त्यांचे भलेच करायचे असते, पण तिच्या हाती बालगृहाखेरीज दुसरे काही नसते. मुलींचे बालगृह एकीकडे, मुलग्यांचे दुसरीकडे. आई आजारी पडली म्हणून मुलांचे घर, शाळा आणि एकमेकांची सोबत एकाच दिवसात सुटते. असे प्रकार वर्षभर कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यात घडत असतात. आई-वडिलांपैकी कोणी तुरुंगात असते, कोणी व्यसनमुक्ती केंद्रात, कोणी मनोरुग्णालयात. ही मुले अनाथ नाहीत. त्यांना नवे आई-वडील नकोत. त्यांना हवे आहे चार-सहा महिन्यांसाठी एक घर.

कायद्याने ही सोय केव्हाच करून ठेवली आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे ४४ वे कलम प्रतिपालकत्वाचे आहे. मूल थोड्या किंवा दीर्घ काळासाठी दुसऱ्या कुटुंबात ठेवता येते, शक्य तोवर भावंडांना एकत्र ठेवावे, खर्चासाठी राज्याने दरमहा पैसे द्यावेत, समितीने दर महिन्याला त्या घरी पाहणी करावी, असे हे कलम सांगते. एक वर्षापर्यंतचा काळ अल्पकालीन मानला जातो. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत मुलामागे महिन्याला ४,००० रुपयांची तरतूद आहे. महाराष्ट्राची बाल संगोपन योजना महिन्याला २,२५० रुपये देते. पण ते प्रामुख्याने मुलाच्या एकल पालकाला किंवा नातेवाइकांना मिळतात. ही मदत मोलाची आहे आणि ती वाढायलाच हवी. मात्र ज्याला सांभाळायला आज कोणीच नाही, त्या मुलाच्या डोक्यावर तिने छप्पर येत नाही.

मग घरे का मिळत नाहीत? आमच्या मते, प्रतिपालकत्व म्हणजे दत्तकाच्या रांगेतून सुटण्याची आडवाट, असा समज झाल्यामुळे. चौकशीला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘मूल कायमचे आमचे कधी होईल?’ केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी ३५ ते ६० वयाच्या एकट्या स्त्री-पुरुषांनाही प्रतिपालक होण्याची मुभा दिली, हे स्वागतार्ह आहे. दत्तक घेण्याआधी मूल पाच वर्षे सांभाळण्याची अटही दोन वर्षांवर आणली. ज्या मुलांना परतायला घर उरलेले नाही, त्यांच्यासाठी हा निर्णय योग्यच. पण सगळी चर्चा त्याच बदलाभोवती फिरली आणि मूल आईकडे सुखरूप परत पाठवणारे कुटुंब कुणाच्याच नजरेत राहिले नाही. खरे तर तेच काम सर्वांत अवघड आहे. आलेले मूल पहिले काही दिवस जेवत नाही, नाहीतर पोळी उशीखाली लपवून ठेवते. रात्री दचकून उठते. हळूहळू ते रुळते, हाक मारू लागते, आणि नेमके तेव्हाच त्याला निरोप द्यायचा असतो. ज्याला हे जमते त्याचे मन फार मोठे, आणि अशी माणसे समाजात आहेत. मुले मोठी होऊन बाहेरगावी गेलेली जोडपी, निवृत्त शिक्षिका, अंगणवाडी चालवून बायाबापड्यांचा विश्वास कमावलेल्या स्त्रिया. त्यांना कुणी विचारलेलेच नाही.

परक्याचे पोर घरी जेवू घालणे महाराष्ट्राला नवे नाही. शिकायला आलेल्या गरीब मुलांनी घरोघरी वार लावून जेवण्याची रीत आपल्याकडे होती, आणि त्यातून कित्येकांची शिक्षणे झाली. पण ते वार बहुतांशी जातीच्या उंबऱ्याआतच लागत, हेही विसरता येत नाही. आज कुटुंबे निवडताना तो उंबरा आड येता कामा नये.

घर आणि संस्था यांतला फरक भावनेपुरता नाही. रुमानियात बुखारेस्टच्या अनाथालयांतील १३६ लहानग्यांचा २००० पासून अभ्यास झाला. त्यांतली काही चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून प्रतिपालक कुटुंबांत ठेवली गेली. त्यांची बौद्धिक वाढ संस्थेत राहिलेल्यांपेक्षा सरस ठरली. वयाच्या दुसऱ्या वर्षाआधी घर मिळालेल्यांना सर्वाधिक लाभ झाला.

राज्याच्या महिला व बालविकास विभागाने आता प्रत्येक तालुक्यात निदान पाच-दहा कुटुंबे आधीच तपासून, शिकवून तयार ठेवावीत. गृहभेट, पोलीस पडताळणी, वैद्यकीय तपासणी हे सोपस्कार मूल दारात उभे राहिल्यावर सुरू झाले, तर बालगृहाला पर्याय उरत नाही. घर मुलाच्या शाळेच्या जवळचे असावे, आईला रुग्णालयातून फोन करता यावा, बरी झाल्यावर भेटायला येता यावे. पैसे महिन्याच्या महिन्याला खात्यावर पडावेत. सहा महिने थकणार असतील तर मध्यमवर्गीय कुटुंबही दुसऱ्या मुलासाठी दार उघडणार नाही. आणि मासिक पाहणी कागदावर उरकता कामा नये. परक्या घरात मुलावर अत्याचार होण्याची भीती खरी आहे. म्हणून मुलाशी एकांतात बोलेल असा प्रशिक्षित समाजकार्यकर्ता जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे हवा, आणि ती पदे कंत्राटी व तुटपुंज्या मानधनाची ठेवून चालणार नाही. येत्या अर्थसंकल्पात यासाठी स्वतंत्र तरतूद व्हावी, आणि सुरुवात ज्या जिल्ह्यांत बालगृहे मुलांच्या गावांपासून सर्वाधिक लांब आहेत तिथून करावी.