एक आर्या, दोन वेष्टने

बारामतीत राहून मराठी शिकवणाऱ्याला मोरोपंत टाळता येत नाहीत. आर्येच्या मात्रा फळ्यावर मोजून दाखवता दाखवता माझा घसा बसतो आणि अर्धा वर्ग खिडकीबाहेर पाहत बसतो. त्यांतल्याच एकाने, इंदापुराहून रोज एस. टी.ने येणाऱ्या मुलाने, यंदा मात्रा मोजणारी आज्ञावली लिहिली. पंतांच्या आर्येच्या प्रत्येक अर्धात १२ आणि १८ अशा ३० मात्रा भरतात की नाही, ती क्षणात सांगते. (माझ्या स्वतःच्या दोन आर्या तिने नापास केल्या. असो.)

आमच्या कॉलेजात उबुंटू चालते. ते डेबियनच्या घराण्यातले, तेव्हा पोराने आज्ञावली 'डेब' पद्धतीच्या गाठोड्यात बांधली आणि मोठ्या हौसेने इंदापुरातल्या आपल्या जुन्या शाळेत नेली. तिथे होते फेडोरा. त्याला 'आरपीएम' गाठोडे लागते.

"अरे, पण दोन्हीकडे लिनक्सच ना?" मी विचारले.

"सर, गाभा एकच, संसार निराळे."

'एलियन' नावाच्या साधनाने त्याने वेष्टन पालटले. तरी नकारच! गाठोड्यावर एक चिठ्ठी असते म्हणे : 'सोबत अमुक अमुक हवे.' याने मागितला होता लोहित हा देवनागरी टंक, रेड हॅट कंपनीने सर्वांना खुला केलेला. डेबियनमध्ये त्याचे नाव 'फॉन्ट्स-लोहित-देव' आणि फेडोरात 'लोहित-देवनागरी-फॉन्ट्स'. गंमत अशी, की इंदापूरच्या संगणकावर तो टंक आधीपासूनच होता! माहेरची सुमन सासरी सुनंदा झाली आणि पोस्टमन 'या नावाचे इथे कोणी राहत नाही' म्हणून पत्र घेऊन परत गेला, तशातला प्रकार.

'फ्लॅटपॅक' नावाची एक सोय आहे. पाहुण्याने वळकटी, तांब्या आणि स्टोव्हसकट यावे तशी आज्ञावली आपला सारा संसार बरोबर आणते. कुठल्याही घरी उतरते. पण एवढ्याशा मात्रामोजणीसाठी शेकडो मेगाबाइटांचा पसारा त्या शाळेच्या इंटरनेटला झेपेना.

मला पंत आठवले. त्यांनी एकच रामकथा १०८ परींनी बांधली, असे परंपरा सांगते. त्यांतल्या निरोष्ठ रामायणात प, फ, ब, भ, म ही अक्षरेच वर्ज्य! म्हणजे 'राम' असे लिहायचीही चोरी. नायक तोच, त्या घरात त्याला निराळ्या नावाने हाक मारायची, इतकेच. हे ऐकून पोरगा हसला आणि त्याने फेडोरासाठी नवी चिठ्ठी लिहिली. शनिवारी इंदापुरात मात्रा मोजल्या गेल्या.

मी पेढे मागवणार, तोच तो म्हणाला, "सर, फेडोराची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते. प्रत्येक वेळी गाठोडे पुन्हा तपासावे लागेल. उबुंटूचेही तेच. आणि मी तर एप्रिलनंतर पुण्याला."

जाताना त्याने एक वही माझ्या हाती ठेवली. दोन्ही गाठोडी कशी बांधायची, ते पायरीपायरीने लिहिले आहे. परीक्षेचे पेपर बाजूला सारून रोज रात्री वाचतो आहे. तिसऱ्या पायरीवर अडलो आहे, त्याची एस. टी. सकाळी साडेनवाला येते.