वेबसाइट हेही दुकानच आहे

आपल्या व्यापारी बांधवांमध्ये गेल्या काही वर्षांत वेबसाइट काढण्याची लाट आली आहे. मोमिनपुरा असो, गांधीबाग असो की इतवारी, ज्याला विचारावे तो सांगतो, "मुलाने साइट करून घेतली." ही गोष्ट चांगलीच आहे. पण साइट करून घेताना आपण तीनच प्रश्न विचारतो: खर्च किती, रंग कोणता आणि चित्रे हलतील की नाही. ते पान गिऱ्हाइकाशी खरे बोलणार की खोटे, हे कोणी विचारत नाही. ते सारे संगणकवाल्या मुलावर सोपवले जाते. त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. तो कधी गादीवर बसलेला नसतो, थान उलगडून दाखवलेले नसते. त्याने मोठ्या कंपन्यांच्या साइट पाहिलेल्या असतात आणि त्यांचीच नक्कल तो आपल्याला काढून देतो. त्या नकलेबरोबर त्यांची लबाडीही आपल्या दुकानात येते.

ही लबाडी कशी असते ते पाहा. साडीच्या चित्राखाली लाल अक्षरांत लिहिलेले असते, "फक्त २ नग शिल्लक". गोदामात मात्र त्याच साडीचे गठ्ठे पडलेले असतात. वर एक घड्याळ उलटे चालते, "सवलत संपायला १० मिनिटे". उद्या पान उघडा, पुन्हा दहाच मिनिटे! भाव एक दाखवायचा आणि पैसे भरण्याच्या वेळी पॅकिंगचे इतके, हाताळणीचे इतके असे करत बिल फुगवायचे. गिऱ्हाइकाने न मागितलेली वस्तू गुपचूप त्याच्या बिलात टाकायची. "नको" म्हणायचे बटण इतके फिकट करायचे की ते दिसूच नये. आणि दिसलेच तर त्यावर असे काही लिहायचे की नको म्हणणाऱ्याला लाज वाटावी.

हॅरी ब्रिग्नल नावाच्या एका ब्रिटिश डिझायनरने २०१० साली अशा रचनेला "डार्क पॅटर्न" हे नाव दिले. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी याबाबत मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि असे १३ प्रकार नावानिशी मोडीत काढले. खोटी घाई, बिलात वस्तू घुसवणे, भाव टप्प्याटप्प्याने वाढवणे, दाखवायचे एक आणि द्यायचे दुसरे, हे सगळे त्यात आले. ही तत्त्वे फक्त मोठ्या कंपन्यांसाठी आहेत असा समज आपल्या बाजारात आहे. तो चुकीचा आहे. जाहिरातदार आणि विक्रेते हेही त्यात आहेत. त्याआधी २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी एकूण किंमत तपशीलवार दाखवणे, माल कोणत्या देशाचा ते सांगणे आणि परतीच्या अटी लिहिणे बंधनकारक केलेच होते. गिऱ्हाइकाच्या वतीने चौकटीत आधीच टिक करून ठेवायलाही त्या नियमांनी मनाई केली आहे. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगितले, यावरून हा रोग किती पसरला आहे ते समजते.

काही तरुण व्यापारी म्हणतात, "चाचा, मोठे लोक हेच करून मोठे झाले. आपण का नाही करायचे?" माझे उत्तर हिशेबाचे आहे. मोठ्या कंपनीचे एक गिऱ्हाईक रुसले तर दुसरी दहा येतात. आपले गिऱ्हाईक भंडारा, गोंदिया, छिंदवाड्याकडचे, आईनंतर मुलगी येणारे. शिवाय घाई करून विकलेला माल परत येतो. जाण्याचे भाडे गेले, येण्याचे भाडे गेले आणि घडी मोडलेली साडी पुन्हा नवी म्हणून विकता येत नाही ते वेगळेच. खोट्या घड्याळाने झालेली विक्री महिन्याच्या शेवटी वहीत मोजून पाहावी. कितीजणांना नफा दिसतो ते कळेल.

कापडाच्या धंद्यात आणखी एक अडचण आहे, ती मोबाइल विकणाऱ्याला नाही. गिऱ्हाईक दुकानात आले की कापड आधी बोटांत धरते. पोत, वजन, रंग, सारे बोटांना आणि डोळ्यांना कळते. पडद्यावर हातमागाची साडी आणि यंत्रमागाची साडी सारखीच दिसते. आपल्या विदर्भाची करवतकाठी घ्या. अंग टसरचे, काठ सुती आणि काठाला करवतीसारखे दात. हे दात मागावर विणून काढायला विणकराची किती मेहनत लागते ते मागावर बसणाऱ्यालाच माहीत. त्याच नक्षीची छपाई करून कोणी निम्म्या भावात चित्र टाकले, तर पाहणाऱ्याला फरक कसा कळावा? हातमागासाठी काही वाण राखून ठेवणारा कायदा १९८५ पासून आहे, २००६ पासून हँडलूम मार्कही आहे. पण साइटवर "हातमाग" हा शब्द टाकायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि तो शब्द सर्रास खोटा टाकला जातो. यात पोट मारले जाते ते विणकराचे.

म्हणून बोट जे सांगते ते साइटवर शब्दांनी सांगावे लागते. सूत कोणते, मागाचा प्रकार कोणता, पन्हा किती, लांबी ब्लाउजपीस धरून की सोडून, पहिल्या धुण्यात रंग जातो का. टसरमध्ये सुताच्या गाठी दिसतात. तो दोष नसून त्या कापडाचा स्वभाव आहे, हेही लिहावे. फोटो दिवसाच्या उजेडात काढावा आणि एक फोटो कापडाच्या उलट्या बाजूचा द्यावा. जाणकार गिऱ्हाईक दुकानातही आधी उलटी बाजूच पाहते. हे लिहायला संगणकवाला मुलगा उपयोगाचा नाही. हे आपणच सांगायचे असते.

आता पानाच्या वजनाबद्दल थोडे. टिम बर्नर्स-ली यांनी जगातील पहिले वेब पान केले तेव्हा त्यात अक्षरे आणि दुवे एवढेच होते. त्यांच्या सर्न या संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी हे तंत्र साऱ्या जगाला फुकट खुले केले, म्हणून आज तुम्ही-आम्ही कोणाला हक्काचे पैसे न देता साइट काढू शकतो. आपल्या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. आजची पाने मात्र इतकी जड असतात की साध्या मोबाइलवर उघडेपर्यंत गिऱ्हाईक निघून जाते. दुकानाच्या दारात बँडबाजा उभा करून वाट अडवण्यासारखे हे आहे.

भाव आणि माहिती चित्रात लिहू नये, हेही सांगितले पाहिजे. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांनी याचे नुकसान पाहिले आहे. नस्तालीक अक्षरांची सोय वेबवर नीट नव्हती, म्हणून अनेक उर्दू वृत्तपत्रे वर्षानुवर्षे पानांची चित्रेच साइटवर टाकत होती. शोधायला गेले तर त्यातले काही सापडत नसे. मराठीतही प्रत्येक वृत्तपत्राचा फाँट निराळा होता. युनिकोड रुळला तेव्हा ती कटकट मिटली. आता सोय झाली असताना आपण भाव चित्रात कोंबतो आणि खाली "एथनिक वेअर" असे इंग्रजीत लिहितो. गिऱ्हाईक मोबाइलमध्ये "नऊवारी" असे मराठीत शोधते. मग त्याला आपले दुकान सापडणार कसे?

शेवटची गोष्ट मालकीची. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, तेव्हा केवळ तेथे माल दाखवणाऱ्यांचे दुकान एका रात्रीत बंद झाले. दुसऱ्याच्या ॲपवर जरूर विका, पण स्वतःची साइटही ठेवा आणि तिचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात, ते स्वतःच्या नावावर नोंदवून घ्या. माझ्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने ते साइट करणाऱ्याच्या नावावर राहू दिले. तो गाव सोडून गेला, वर्षाचे पैसे भरायचे राहिले आणि बोर्डावर, पिशव्यांवर छापलेला तो पत्ता दुसऱ्याच कोणाच्या हाती गेला. नोंदणीचा ईमेल आणि पासवर्ड आपल्याकडे घ्या, आणि नूतनीकरणाची तारीख दुकानाच्या परवान्याच्या तारखेशेजारी वहीत लिहून ठेवा.