फोटो कोणी आणला?

गणपतीपुळ्याला परवा एक नटी दर्शनाला येऊन गेली. नाव देत नाही, कारण यात तिची काही चूक नाही, आणि तुम्हाला ते माझ्याआधी कळलेलं आहे. जिल्ह्याच्या पानावर चार कॉलमी फोटो: डोक्यावर पदर, हातात नारळ, मागे समुद्र. मजकुरात साडीचा रंग, किती मोदक खाल्ले ते, आणि कोकणच्या निसर्गाने ती भारावून गेल्याची नोंद. (कोकणात येऊन न भारावलेला नट आजवर एकाही पेपराला सापडलेला नाही.) त्याच पानाच्या तळाशी, शुभेच्छांच्या जाहिरातीला चिकटून, पाच ओळी. पंचक्रोशीतल्या एका वाडीत आठवडाभर टँकर आला नाही. का आला नाही, टँकर कोणाचा, बिल कुठल्या तारखांचं निघालं, काही नाही.

आता पत्रं येणार. ‘एअरपोर्ट लूक’वर लिहिलं होतं तेव्हाही आली होती. काका, तुम्हाला सिनेमावाल्यांचं एवढं वावडं का? मुळीच नाही. ६ फेब्रुवारी २०२२ ला लताबाई गेल्या, पेपरांनी पानंच्या पानं दिली, आणि ती मला कमी वाटली. घरात पेपर आला की रंगीत पुरवणी आधी कोण पळवतं यावरून आमच्याकडे भांडणं होतात, आणि त्यात मी बघ्या नसतो. बड्या माणसांच्या बातम्या म्हणजे पत्रकारितेला लागलेला हल्लीचा रोग, हे तर साफ खोटं. टिळक-आगरकरांनी ‘केसरी’-‘मराठा’त कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळाची हकिकत छापली, ती त्या काळच्या सर्वात बड्या घरातलीच बातमी होती आणि लोकांनी ती चवीनेच वाचली असणार. दिवाण बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि १८८२ साली दोघंही १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून आले. पुराव्याची पत्रं बनावट निघाली, ही त्यातली पडती बाजू. पण ती बातमी छापणाऱ्यांनी स्वतःचं काहीतरी पणाला लावलेलं होतं.

म्हणून मुख्य पानावर नट असावा की नसावा, या वादात मी पडत नाही. मी एवढंच विचारतो की फोटो कोणी आणला?

या प्रश्नासाठी मी पुन्हा पुन्हा एकाच तारखेकडे जातो. जुने वाचक म्हणतील, आलं याचं ७ फेब्रुवारी. येऊ द्या.

७ फेब्रुवारी २०२३. राजस्थानात जैसलमेरच्या सूर्यगढ हॉटेलात सिद्धार्थ मल्होत्रा आणि कियारा अडवाणी यांचं लग्न लागलं. आधीचे दोन-तीन दिवस वाहिन्या त्या हॉटेलच्या फाटकाबाहेर उभ्या होत्या. गाड्या आत जाताना दिसत होत्या, काळ्या काचा दिसत होत्या, आणि काळ्या काचेच्या आत कोण असेल यावर स्टुडिओत चर्चा चालू होती. आतलं कोणालाच काही दिसलं नाही. मग त्या रात्री नवरा-नवरीने आपल्या इन्स्टाग्रामवर आपलेच फोटो टाकले, खाली आपल्याच सिनेमाची आठवण देणारी एक ओळ. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत तेच फोटो, तीच ओळ, गुलाबी लेहेंगा आणि मनीष मल्होत्रा. त्यांचा संसार सुखाचा होवो. पण त्या बातमीत वार्ताहराने काय केलं, ते मला कोणी सांगावं. लग्न त्यांचं, फोटोग्राफर त्यांचा, मजकूर त्यांचा. पेपराने घातला तो फक्त कागद.

त्याच दिवशी कोल्हापूरच्या रुग्णालयात शशिकांत वारिशे वारले. राजापूरचे पत्रकार, ‘महानगरी टाइम्स’चे. बारसू-सोलगावच्या रिफायनरीबद्दल ते सातत्याने लिहीत होते. ६ तारखेच्या अंकात त्यांची बातमी होती. रिफायनरीचा एक समर्थक, त्याच्यावरचे गुन्हे, आणि पंतप्रधान, मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्र्यांच्या फोटोंशेजारी बॅनरवर झळकणारा त्याचा फोटो. बातमी सकाळी आली. दुपारी राजापुरात पेट्रोल पंपाजवळ दुचाकीवर असताना एक मोठी गाडी वारिशेंच्या अंगावर आली. ती त्याच माणसाने घातल्याचा आरोप आहे. आधी सदोष मनुष्यवधाचं आणि मग खुनाचं कलम लागलं.

फोटो याही बातमीत होता, हे विसरू नका. बॅनरवरचा, भर रस्त्यात टांगलेला, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसणारा. तो मिळवायला कोणाच्या फाटकाबाहेर ताटकळावं लागत नव्हतं. पण हा चेहरा कोणाचा, याच्यावर कुठल्या ठाण्यात काय नोंदलंय, याने कुठल्या सड्यावर जमिनीचे काय व्यवहार केलेत आणि हा आज या तिघांच्या शेजारी कसा काय, हे मुंबईत बसून कळत नाही. त्याला नाक्यावर उभा राहणारा माणूस लागतो. वर्षानुवर्षं तिथंच राहणारा, ज्याचं घर सगळ्यांना माहीत आहे असा. वारिशे तसे होते, आणि ज्याच्याविषयी लिहिलं त्यालाही ते ठाऊक होते.

नंतर अर्थात सगळं झालं. पत्रकारांची निदर्शनं झाली, विशेष तपास पथक नेमलं गेलं, सरकारने कुटुंबाला २५ लाख रुपये जाहीर केले, दिल्लीच्या वाहिन्यांना राजापूर नकाशावर सापडलं. वारिशेंनी आणलेली बातमी तालुक्याबाहेर कोणी वाचली नव्हती. वारिशेच बातमी झाले तेव्हा ती वाचली गेली.

संपादक मंडळी म्हणतात, आम्ही लोकांना हवं तेच देतो, तुमच्या टँकरला कोण क्लिक करतं? बरोबर आहे, त्या पाच ओळींना कोण करेल? त्यात वाचायला आहे काय? टँकरच्या किती फेऱ्या कागदावर झाल्या आणि किती वाडीत पोचल्या, एवढं जरी छापलं असतं तरी त्या दिवशी बाजारपेठेत अंक शिल्लक राहिला नसता. शिळा भात वाढायचा आणि पाहुणे जेवत नाहीत म्हणून कुरकुरायचं, त्यातला हा प्रकार.

आता माझं नेहमीचं रडगाणं, वार्ताहराचं मानधन. ज्या दिवसापासून पेपरांना नटांचे फोटो फुकट घरपोच मिळू लागले, त्याच दिवसापासून तालुक्याच्या वार्ताहराचं मानधन गोठलं, असा माझा ठाम समज आहे. आकडेवारी मागू नका, माझ्याकडे नाही. माझ्याकडे आमचा इथला वार्ताहर आहे. झेरॉक्सचं दुकान चालवतो. महिन्याचं मानधन स्कूटरच्या पेट्रोलला पुरत नाही, म्हणून जाहिरातींच्या कमिशनवर भागवतो: २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, दिवाळी आणि बारमाही पीक म्हणजे पुढाऱ्यांचे वाढदिवस. परवा त्याला दुकानात गाठलं. मशीनमध्ये कोणाचा तरी सातबारा अडकला होता, तो ओढत होता.

“अरे, टँकरचं पुढे काय झालं?”

“काका, टँकरवाला वाढदिवसाला अर्धं पान देतो.”

“आणि त्या बाईंचा फोटो?”

“तो व्हॉट्सॲपवर आला. त्यांच्या माणसाने मजकुरासकट पाठवला. मी फक्त वर ‘वार्ताहर’ घातलं.”

“म्हणजे तू पुळ्याला गेलाच नव्हतास?”

“पेट्रोल कोण देणार?”

मालगुंडहून पुळं म्हणजे स्कूटरला टांग मारली की आलं. (बाई उलट्या दिशेने आमच्या केशवसुत स्मारकात येत्या, तर चार काय, आठ कॉलम द्या म्हणून मीच भांडलो असतो. पण टोपणनावाने लिहिणारा शाळामास्तर, प्लेगने हुबळीला वारलेला, हयातीत एक संग्रहही न निघालेला: त्याच्याशेजारी फोटो काढून कोणाचे फॉलोअर वाढणार?)

तर माझी सूचना अशी, आणि ती मी या पेपराच्या कार्यालयालाही लेखी दिली आहे. ज्या बातमीचा फोटो आणि मजकूर नटाच्या माणसाने पाठवला, तिच्यावर ‘वार्ताहर’ छापू नये, पाठवणाऱ्याचं नाव छापावं. सरळ ‘अमुक यांच्या जनसंपर्क विभागाकडून साभार’. जाहिरातीच्या पानावर ‘जाहिरात’ असं बारीक का होईना छापतोच ना आपण? आणि टँकरच्या बातमीवर आमच्या पोराचं नाव छापावं, ठळक. पहिल्या भागाला पोरगा हसत हसत कबूल झाला. दुसऱ्या भागाला म्हणाला, “नाव नको, काका. आपला जिल्हा तोच आहे.”

त्याच्यावर मी जबरदस्ती करणार नाही. टँकरच्या फेऱ्या आणि बिलाच्या तारखा मीच माहितीच्या अधिकारात मागवल्या आहेत. कायद्याने मुदत तीस दिवसांची. उत्तर आलं की याच जागी छापतो. टँकरवाल्याचा वाढदिवस पुढच्या पंधरवड्यात आहे, तेवढं अर्धं पान पोराला आधी मिळून जाईल.

– मालगुंडकर