कॅम्को: ड्रमवरच्या एका गोल तुकड्याची गोष्ट

ड्रम बनवणाऱ्या कंपन्यांची नावं आठवायला सांगितली, तर तुम्ही कोणती सांगाल? यामाहा, पर्ल, टामा, फार तर लुडविग. ‘कॅम्को’ हे नाव बहुतेकांच्या यादीत येणार नाही. ड्रम शिकणाऱ्या मुलांनाही ते माहीत असेलच असं नाही. पण आज बाजारात मिळणाऱ्या काही महागड्या ड्रमवर जो छोटा, गोल, चमकदार धातूचा तुकडा दिसतो, तो याच कंपनीकडून आला आहे. आज त्याचीच गोष्ट.

लग म्हणजे काय?

आधी तबला डोळ्यांसमोर आणा. पुडी ताणून धरायला चामड्याची वादी असते आणि वादीखाली लाकडी गठ्ठे असतात. गठ्ठा खाली ठोकला की ताण वाढतो, स्वर चढतो. ड्रममध्ये हेच काम स्क्रू करतात. ड्रमच्या तोंडावर एक गोल कडी बसवलेली असते. तिच्यातून लांब स्क्रू खाली येतात आणि ड्रमच्या अंगावर बसवलेल्या धातूच्या तुकड्यांत फिरतात. या तुकड्याला म्हणतात ‘लग’. एका ड्रमभोवती सहा, आठ, कधी दहा जागी ते बसवलेले असतात.

जुन्या काळी बहुतेक कंपन्यांचे लग लांबट, भरीव दिसणारे असत. कॅम्कोचा लग मात्र लहान आणि गोल. किल्ल्याच्या छोट्या बुरुजासारखा दिसतो, म्हणून इंग्रजीत त्याला ‘टरेट लग’ असं नाव पडलं. लग लहान असला की लाकडाला धातू कमी चिकटतो, त्यामुळे ड्रम जास्त मोकळा वाजतो, असं अनेक वादक मानतात. आणि दिसायला तर तो सुंदर आहेच. साठ वर्षांपूर्वीचा कॅम्को आजही जुनाट वाटत नाही.

ज्याची कल्पना, त्यालाच बाहेरचा रस्ता

हा लग कॅम्कोच्या मालकाचा नव्हता. तो होता जॉर्ज वे यांचा.

वे यांचा जन्म 1891 चा. ते स्वतः ड्रमवादक होते. कॅनडातल्या एडमंटनमध्ये त्यांनी आधी छोटी ड्रम कंपनी चालवली. मग 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला ते अमेरिकेत इंडियानापोलिसच्या ‘लीडी’ या नामांकित कंपनीत विक्रीचं काम बघायला आले. ड्रमवादकांसाठी ‘ड्रम टॉपिक्स’ नावाचं मासिकासारखं पत्रकही ते काढत. वादकांना काय हवं, काय खुपतं, हे त्यांना नेमकं कळत असे.

लीडी कंपनी पुढे ‘कॉन’ या मोठ्या वाद्यकंपनीनं विकत घेतली आणि तिचा कारखाना इंडियाना राज्यातल्याच एल्कहार्ट या गावी हलला. 1955 मध्ये कॉननं ड्रमचा धंदाच विकून टाकला. वे तेव्हा साठी ओलांडलेले. दुसरा कोणी निवृत्त झाला असता. वे यांनी मात्र त्याच एल्कहार्टमध्ये स्वतःच्या नावाची ‘जॉर्ज वे ड्रम कंपनी’ उभी केली, आणि तिच्या ड्रमवर हा गोल लग बसवला.

ड्रम चांगले होते, पण गाठीला पैसा कमी होता. भांडवलासाठी कंपनीचे शेअर विकावे लागले. ड्रमचे सुटे भाग बनवणाऱ्या कॅम्कोकडे हळूहळू पुरेसे शेअर जमले आणि 1961 च्या सुमारास कंपनीचा ताबा कॅम्कोकडे गेला. ज्या कंपनीवर आपलं नाव कोरलं होतं, तिच्यातूनच वे यांना बाहेर पडावं लागलं. ड्रमवरची पाटी बदलली, ‘जॉर्ज वे’च्या जागी ‘कॅम्को’ आलं. लग तोच राहिला.

पाटीवरच्या गावाचं नाव वाचा

कॅम्कोचा कारखाना मग इलिनॉय राज्यातल्या ओकलॉनला गेला. हा तिचा सगळ्यात चांगला काळ. ‘बीच बॉइज’चे डेनिस विल्सन आणि ‘क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल’चे डग क्लिफर्ड ही मंडळी कॅम्को वाजवत. तरी लुडविगसारख्या बड्या कंपन्यांपुढे कॅम्को लहानच राहिली.

1970 च्या दशकात कंपनीचे हात बदलत गेले. आधी कॅन्सस राज्यातलं शनूट गाव, मग लॉस एंजेलिस. दर वेळी ड्रमवरच्या पाटीवर नवं गाव यायचं. म्हणूनच आज जुने ड्रम जमवणारे सगळ्यात आधी पाटी वाचतात. गाव कळलं की ड्रमचा काळ साधारण कळतो. ओकलॉनची पाटी असलेल्या ड्रमला जास्त मागणी असते.

वाटणी झाली, पण…

1970 च्या दशकाच्या शेवटी कॅम्कोची अक्षरशः वाटणी झाली. नाव गेलं जपानला, टामा हा ब्रँड चालवणाऱ्या होशिनो कंपनीकडे. कारखान्यातले साचे आणि अवजारं मात्र कॅलिफोर्नियातच राहिली. ती घेतली डॉन लोम्बार्डी यांनी. 1972 मध्ये त्यांनी सांता मोनिकात ‘ड्रम वर्कशॉप’ नावानं ड्रमची शिकवणी सुरू केली होती. त्यांचे विद्यार्थी जॉन गुड या कामात त्यांच्याबरोबर होते.

या साच्यांतून त्यांनी आधी कॅम्कोचं पेडल बनवायला घेतलं. पेडल म्हणजे मोठा ड्रम पायानं वाजवायची यंत्रणा. पुढे त्याला सायकलसारखी चेन बसली आणि ‘डीडब्ल्यू 5000’ हे पेडल जगभर पोहोचलं. तिकडे टामानंही कॅम्कोच्या नावानं पेडल काढलं. एकाच घरातले दोन भाऊ दोन गावी जाऊन नावारूपाला यावेत, तसं झालं.

डीडब्ल्यूनं मग पूर्ण ड्रम बनवायला सुरुवात केली, तेव्हा त्यावर लग कोणता आला? जॉर्ज वे यांचा तोच गोल बुरूज! आज डीडब्ल्यू ही जगातल्या मोठ्या ड्रम कंपन्यांपैकी एक आहे. 2022 मध्ये ती रोलँडनं विकत घेतली, पण गोल लग ही तिची ओळख अजून कायम आहे.

वे यांचं 1969 मध्ये निधन झालं. यातलं काहीच त्यांना बघायला मिळालं नाही. पुढे कॅनडातले ड्रम बनवणारे रॉन डनेट यांनी ‘जॉर्ज वे’ या नावानं पुन्हा ड्रम काढले, आणि पाटीवरून पुसलेलं नाव पाटीवर परत आलं.

जुना ड्रम बघताना

कधी जुन्या बाजारात किंवा ओळखीच्या वादकाकडे एखादा जुना ड्रम दिसला, तर तीन गोष्टी बघा. पाटीवर कोणतं नाव आणि गाव आहे? सगळे लग एकसारखे, मूळचेच आहेत का? आणि लाकडाला नंतर कोणी जास्तीची भोकं पाडली आहेत का? अशा भोकांनी जुन्या ड्रमची किंमत बरीच उतरते.

आणि पुढच्या वेळी एखाद्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत जागा मिळाली, तर ड्रमच्या अंगावरचे ते तुकडे नीट बघा. लहान आणि गोल दिसले, तर शेजारी बसलेल्याला जॉर्ज वे यांची गोष्ट जरूर सांगा.